जगज्जेते, पण कुणाला हरवून?

२५ ऑक्टोबर १८८४. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर हाडं गोठवणारी थंडी आणि प्रेक्षक जेमतेम काहीशे. प्रॉव्हिडन्स ग्रेज या बेसबॉल संघाने आधीच्या दोन दिवसांत दोन सामने जिंकले होते. तीन सामन्यांची मालिका, म्हणजे निकाल लागलेलाच होता. यजमान न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सना तिसऱ्या सामन्यात काडीचा रस नव्हता. पंच तुमच्या पसंतीचा घ्या पण खेळा, अशी सवलत देऊन पाहुण्यांनी त्यांना मैदानात उतरवलं आणि पुन्हा हरवलं. ग्रेजसाठी तिन्ही दिवस चेंडू फेकला तो चार्ल्स रॅडबर्न या एकाच पिचरने. त्या हंगामात त्याच्या नावावर ५९ विजय आहेत. आजचा उत्तम पिचर वर्षाला वीस जिंकला तरी डोक्यावर घेतला जातो. दुसऱ्या दिवसापासून प्रॉव्हिडन्सचे खेळाडू वर्तमानपत्रांतून ‘जगज्जेते’ म्हणून मिरवू लागले. प्रॉव्हिडन्स हे ऱ्होड आयलंडमधलं गाव. ऱ्होड आयलंड म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यांत छोटं राज्य.

अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेला ‘वर्ल्ड सिरीज’ का म्हणतात, या प्रश्नाचा पहिला धागा इथे सापडतो. दर ऑक्टोबरात हा प्रश्न नव्याने निघतो आणि त्याची दोन तयार उत्तरंही फिरू लागतात. पहिलं म्हणजे अमेरिकनांचा माज: स्वतःचा देश म्हणजेच जग. दुसरं जरा चतुर: ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ नावाच्या वर्तमानपत्राने ही स्पर्धा पुरस्कृत केली होती, त्यावरून नाव पडलं; जगाशी त्याचा काही संबंध नाही. पहिलं उत्तर अर्धवट आहे आणि दुसरं साफ चूक.

चुकीचं आधी निकाली काढू. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे खरंखुरं आणि बडं वर्तमानपत्र होतं. १८८३ मध्ये ते जोसेफ पुलित्झरने विकत घेतलं आणि १९३१ मध्ये ते बंद पडलं. पण १८८५, १८८६ आणि १८८७ या तीन मालिकांत न्यूयॉर्कचा संघच नव्हता. शिकागो विरुद्ध सेंट लुईस, पुन्हा शिकागो विरुद्ध सेंट लुईस, मग डेट्रॉइट विरुद्ध सेंट लुईस. मिसिसिपीच्या काठावरच्या सामन्यांसाठी मॅनहॅटनमधल्या पत्राने पदरचे पैसे का घालावेत? १९०३ मध्ये आजची मालिका सुरू झाली तेव्हाही बॉस्टन आणि पिट्सबर्ग समोरासमोर होते. शिवाय खप वाढवण्यासाठी आकाशपाताळ एक करणाऱ्या पुलित्झरच्या पत्राने एवढी मोठी स्पर्धा पुरस्कृत केली असती, तर रोज पहिल्या पानावर डांगोरा पिटला असता. तसा तो कधी पिटलेला नाही. या दंतकथेची गोडी एवढीच, की तिच्यामुळे अमेरिकनांना ओशाळावं लागत नाही आणि सांगणाऱ्याला आपल्याला आतली गोष्ट ठाऊक आहे असं वाटतं.

आता खरं काय घडलं ते. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. तिकीट पन्नास सेंट, रविवारी खेळ नाही, मैदानात दारू नाही, असा तिचा सोवळा कारभार. १८८२ मध्ये तिला प्रतिस्पर्धी म्हणून अमेरिकन असोसिएशन उभी राहिली. तिकीट पंचवीस सेंट, रविवारी सामने चालू आणि मैदानातच बिअर. हिच्या संघमालकांत दारूच्या धंद्यातली मंडळी इतकी, की लोक हिला ‘बिअर अँड व्हिस्की लीग’ म्हणत. सुरुवातीला दोघींनी एकमेकींचे खेळाडू पळवले आणि मग समेट झाला. समेट झाल्यावर ओघानेच प्रश्न आला, की हिचा विजेता मोठा की तिचा. धंदेवाईक बेसबॉल म्हणावं असं त्या काळी दुसरीकडे कुठे काही नव्हतं. या दोघींना जो जिंकेल त्याला आव्हान देणारा पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरत नव्हता, म्हणून तो जगज्जेता.

हा हिशोब आखाड्यातला आहे. तालमीत वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. ‘रुस्तम-ए-जमाना’ हा किताब देशोदेशीच्या पैलवानांना बोलावून, गटवार कुस्त्या लावून दिला जात नसे. गामा १९१० मध्ये लंडनला गेला आणि त्याने उघड आव्हान दिलं. झ्बिश्को हा नावाजलेला पोलिश मल्ल पहिल्या दिवशी अडीच तासांहून जास्त वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि आठवड्याने ठरलेल्या कुस्तीला फिरकलाच नाही. पट्टा गामाला मिळाला आणि तो जगज्जेता ठरला. आव्हान घेणारा नाही, म्हणून किताब तुझा. एकोणिसाव्या शतकातले मुष्टियोद्धेही याच रीतीने ‘चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड’ होत. प्रत्येक देशाने आपला संघ पाठवायचा, साखळी खेळायची आणि शेवटी एक चषक उचलायचा, ही जागतिक स्पर्धेची कल्पना नंतरची. फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९३० चा. १८८४ च्या नावाला १९३० ची फूटपट्टी लावली की ते हास्यास्पद दिसणारच.

अर्थात आखाड्याच्या हिशोबात एक गोम असते. आव्हान खुलं असेल तरच किताबाला वजन. ही गोम पुढे फार महत्त्वाची ठरते.

पण त्याआधी त्या पहिल्या मालिकांचा सावळा गोंधळ पाहण्यासारखा आहे. मध्यवर्ती नियमच नव्हते. दोन संघमालक पत्र लिहून किती सामने, कुठे आणि गल्ला कसा वाटायचा ते ठरवत. १८८५ मध्ये सेंट लुईसचा कर्णधार चार्ल्स कॉमिस्की पंचाच्या निर्णयावर चिडून संघासकट मैदानाबाहेर गेला. तो सामना शिकागोला बहाल झाला की नाही यावर वाद पेटला, मालिका ३-३ अशी बरोबरीत धरली गेली आणि बक्षिसाची रक्कम वाटून घेतली गेली. जगज्जेता कोणीच नाही. पुढच्या वर्षी त्याच दोन संघांनी सगळा गल्ला जिंकेल त्याचा, अशी पैज लावली. सेंट लुईसने ती ४-२ ने मारली. १८८७ मध्ये मालकांची हाव सुटली. डेट्रॉइट आणि सेंट लुईस मिळून पंधरा सामने आणि तेही दहा शहरांत. दोन्ही संघ आगगाडीने गावोगाव फिरत होते. अकराव्या सामन्यात डेट्रॉइटने आठवा विजय मिळवला आणि तिथेच मालिका संपली, पण उरलेले चार सामने ठरलेत म्हणून खेळले गेले. निकाल लागलेली कुस्ती बघायला कोण येणार? १८९० ची मालिकाही बरोबरीत सुटली. १८९१ च्या हंगामानंतर अमेरिकन असोसिएशनच बुडाली. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तेव्हा मालिकाही बंद पडली. नंतर १८९४ ते १८९७ अशी चार वर्षं एकाच लीगमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या संघात टेम्पल कप खेळवून पाहिला. ज्याला हंगामभर मागे टाकलं त्याच्याशी पुन्हा खेळायचं, यात ना खेळाडूंना राम वाटला ना लोकांना.

याच काळात नावातलं ‘जग’ खरं करण्याचा एक प्रयत्न झाला. शिकागो संघाचा मालक अल्बर्ट स्पॉल्डिंग हा माजी पिचर आणि खेळाच्या सामानाचा मोठा व्यापारी. १८८८-८९ मध्ये त्याने आपला शिकागो संघ आणि इतर संघांतल्या खेळाडूंचा ‘ऑल अमेरिका’ संघ जहाजात घालून पृथ्वीप्रदक्षिणेला नेला. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मग श्रीलंकेत कोलंबो, इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी वाळूत, पुढे इटली, फ्रान्स आणि इंग्लंड. सामने सगळीकडे झाले, पण मुख्यतः ते या दोन अमेरिकन संघांत आपापसात झाले. यजमानांनी बघायचं आणि जमलं तर बॅट-बॉल विकत घ्यायचे. बेसबॉल जगभर नेण्याची ही तऱ्हा पुढेही फारशी बदलली नाही.

१९०१ मध्ये बॅन जॉन्सन या खमक्या माणसाने अमेरिकन लीग ही दुसरी मोठी लीग उभी केली. पुन्हा पळवापळवी झाली आणि १९०३ च्या जानेवारीत पुन्हा समेट. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स आणि अमेरिकन लीगमध्ये बॉस्टन अमेरिकन्स पुढे होते. बॉस्टनचा मालक हेन्री किलिली आणि पिट्सबर्गचा मालक बार्नी ड्रेफस यांनी सप्टेंबरमध्ये आपसांत करार केला. लीगचा नव्हे, दोन मालकांचा. नऊ सामने, पाच जिंकेल तो विजेता. १ सप्टेंबरनंतर संघात आलेल्या कुणालाही खेळवायचं नाही. ऐन वेळी भाड्याचा तगडा पिचर आणण्याची पळवाट या कलमाने बुजली. पंच दोन, प्रत्येक लीगचा एक.

एवढं सगळं कागदावर आल्यावर गाडी एका साध्या गोष्टीवर अडली. पिट्सबर्गच्या खेळाडूंचे करार १५ ऑक्टोबरपर्यंत होते, बॉस्टनच्या खेळाडूंचे ३० सप्टेंबरला संपत होते. मालिका १ ऑक्टोबरला सुरू होणार. म्हणजे बॉस्टनच्या खेळाडूंनी फुकट खेळायचं आणि गल्ला मालकाने न्यायचा? त्यांनी हात वर केले. किलिलीला वाटा कबूल करावा लागला तेव्हा कुठे मालिका मार्गी लागली. शेवटी गंमत अशी झाली, की हरलेल्या पिट्सबर्गच्या ड्रेफसने स्वतःचा वाटाही खेळाडूंत वाटून टाकला. हरलेल्यांना माणशी १,३१६ डॉलर मिळाले आणि जिंकलेल्यांना १,१८२.

मैदानावरही ‘वर्ल्ड’ या शब्दाला शोभेल असं काही नव्हतं. बॉस्टनच्या हंटिंग्टन अव्हेन्यू मैदानात पहिल्या दिवशी १६,२४२ माणसं आली. बसायला जागा नाही म्हणून लोकांना मैदानातच, क्षेत्ररक्षकांच्या मागे दोरी बांधून उभं केलं. मग वेगळा नियम करावा लागला: चेंडू त्या गर्दीत गेला की फलंदाजाला तीन बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या चार टप्प्यांपैकी तीन. अशा फटक्याला ट्रिपल म्हणतात. परिणाम असा, की आठ सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून २५ ट्रिपल झाले. आज अख्ख्या मालिकेतले ट्रिपल एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. १९०३ च्या आकड्यांवरून त्या फलंदाजांची थोरवी सांगणाऱ्यांनी ती दोरी लक्षात ठेवावी. पिट्सबर्गचे दोन प्रमुख पिचर दुखापत आणि आजारपण यांनी निकामी झाले होते, म्हणून डीकन फिलिपी एकट्याने पाच पूर्ण सामने फेकत राहिला. त्यातले पहिले तीन त्याने जिंकले आणि चार सामन्यांनंतर पिट्सबर्ग ३-१ ने पुढे होतं. मग त्याचा हात दमला. बॉस्टनने ओळीने चार सामने जिंकून १३ ऑक्टोबरला मालिका ५-३ अशी खिशात घातली.

१९०४ मध्ये या नावाची पहिली खरी परीक्षा झाली आणि त्यात ते नापास झालं. नॅशनल लीग जिंकलेल्या न्यूयॉर्क जायंट्सचा मालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी अमेरिकन लीगच्या विजेत्याशी खेळायला साफ नकार दिला. ती लीग दुय्यम, आम्ही आहोतच श्रेष्ठ, हे त्यांचं म्हणणं. खरं कारण जॉन्सनशी असलेलं हाडवैर आणि न्यूयॉर्कमध्येच त्याने उभा केलेला दुसरा संघ. पुन्हा विजेता ठरलेलं बॉस्टन तयार होऊन बसलं होतं, पण मालिका झालीच नाही. आव्हान टाळून किताब सांगायचा हा प्रकार खुद्द न्यूयॉर्ककरांनाही रुचला नाही. खेळाडूंनाही रुचला नाही, कारण त्यांचा गल्ला बुडाला. एवढी ओरड झाली, की त्याच ब्रशने हिवाळ्यात मालिकेचे कायमचे नियम लिहून दिले. सातपैकी चार जिंकेल तो विजेता. दरवर्षी खेळणं बंधनकारक. यातलं सर्वांत हुशारीचं कलम पैशाचं होतं: खेळाडूंचा वाटा फक्त पहिल्या चार सामन्यांच्या गल्ल्यातून. चारपेक्षा कमी सामन्यांत मालिका संपूच शकत नाही. म्हणजे ती मुद्दाम लांबवून खेळाडूंच्या हाती एक पैसा जास्त येणार नाही, आणि लांबवल्याचा संशयही कुणाला येणार नाही. १९०५ ची मालिका जायंट्सने जिंकली आणि पुढच्या हंगामात त्यांच्या सदऱ्यांवर संघाच्या नावाऐवजी ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ अशी अक्षरं आली. वर्ष-दीड वर्षापूर्वी ज्या मालिकेला त्यांनी तुच्छ लेखलं होतं, तिचीच. ‘वर्ल्ड्स चॅम्पियनशिप सिरीज’चं ‘वर्ल्ड्स सिरीज’ आणि त्याचं ‘वर्ल्ड सिरीज’ हे छापणाऱ्यांच्या आणि बोलणाऱ्यांच्या सोयीने होत गेलं. कुणी ठराव करून ते केलं नाही.

आता त्या गोमेकडे. तेव्हा दुसरीकडे कुणी खेळतच नव्हतं, हे नावाच्या समर्थनाचं नेहमीचं वाक्य १८८४ साठी बरंचसं खरं आहे. पण विसाव्या शतकाचं पहिलं दशक संपेपर्यंत ते लंगडं झालं होतं.

त्याच १८८४ मध्ये अमेरिकन असोसिएशनच्या टोलेडो संघात मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) खेळत होता. म्हणजे ‘जागतिक’ मालिका सुरू झाली त्या वर्षी काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये होता. नंतर दार बंद झालं. शिकागोचा बडा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन काळ्या खेळाडूंबरोबर मैदानात उतरायला नकार देणाऱ्यांत अग्रेसर होता. कुठल्याही नियमपुस्तकात न लिहिलेली ही बंदी १५ एप्रिल १९४७ पर्यंत, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला तोवर टिकली. पहिल्या चाळीसेक वर्ल्ड सिरीज अशा झाल्या, की त्यांत जग तर सोडाच, अख्खी अमेरिकाही नव्हती.

बंद दाराबाहेरच्यांना खेळ येत नव्हता असंही नाही. १९०८ च्या हिवाळ्यात सिनसिनाटी रेड्स क्युबाच्या दौऱ्यावर गेले. हवानात आल्मेंदारेस संघाच्या होसे मेंदेस या काळ्या पिचरने त्यांना फक्त एक हिट, म्हणजे बेस गाठून देणारा एकच फटका, घेऊ दिली आणि सामना १-० ने जिंकून दिला. १९१० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून ताजे ताजे जगज्जेते झालेले फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स हवानाला गेले आणि तिथे कित्येक सामने हरून आले. त्यावर अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सनने काय केलं? क्युबाला मालिकेत बोलावलं नाही. आपल्या संघांचे असे दौरेच बंद करून टाकले. आखाड्याचा नियम लावायचा तर किताबाचं वजन त्या दिवशी उतरलं. माझ्या मते या नावाबद्दल अमेरिकनांना काही विचारायचंच असेल तर ते १८८४ बद्दल नव्हे, या बंदीबद्दल विचारावं. आव्हान देणारा समोर उभा होता आणि यांनी फाटक लावून घेतलं.

बाहेर ठेवलेल्यांनी मात्र नाव टाकलं नाही. १९२४ मध्ये काळ्या खेळाडूंच्या दोन लीगांचे विजेते, कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि फिलाडेल्फियाजवळचा हिलडेल, यांच्यात मालिका झाली. तिचं नाव ‘कलर्ड वर्ल्ड सिरीज’. दहा सामने झाले, एक बरोबरीत, आणि मोनार्क्सने ५-४ ने बाजी मारली. ‘वर्ल्ड सिरीज’ या शब्दजोडीचा अर्थ तोवर ‘दोन लीगांच्या विजेत्यांची गाठ’ एवढाच उरला होता, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

खरोखर देशादेशांतली स्पर्धा झाली ती १९३८ मध्ये, आणि झाली इंग्लंडमध्ये. अमेरिकेच्या हौशी संघाने तिथे पाच कसोट्या खेळल्या आणि ब्रिटनने त्या ४-१ ने जिंकल्या. पुढे या मालिकेलाच पहिल्या बेसबॉल विश्वचषकाचा मान मिळाला. दुसऱ्या वर्षी हवानात तीन देश जमले, क्युबा, निकाराग्वा आणि अमेरिका. क्युबा जिंकला. स्पर्धेचं नाव होतं ‘अमॅच्युअर वर्ल्ड सिरीज’. नाव आलं उत्तरेकडूनच, पण त्यात जग आणलं ते क्युबाने.

नाव उसनं घेणाऱ्यांत एक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १९७७ मध्ये केरी पॅकरने क्रिकेट मंडळांच्या नाकावर टिच्चून रंगीत कपड्यांतलं, दिव्यांखालचं क्रिकेट ऑस्ट्रेलियात मांडलं ते ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ या नावाने. भारताचा एकही खेळाडू त्यात खेळला नाही. समेटानंतर दर उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया आणि दोन पाहुणे देश यांच्यात जी तिरंगी स्पर्धा होऊ लागली, तिला ‘बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड सिरीज कप’ म्हणत. १९८०-८१ मध्ये भारत त्यात होता. ऑस्ट्रेलियाने शेवटचा चेंडू घरंगळत टाकून न्यूझीलंडला रोखलं ते याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत. तीन देशांच्या त्या स्पर्धेचं नाव आपण वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतलं आणि एका देशाच्या बेसबॉलला मात्र हसलो. कॅलिफोर्नियात १९५२ मध्ये सुरू झालेल्या सौंदर्यस्पर्धेने तर जगावर न थांबता सरळ विश्वालाच हात घातला. तिथे इतर ग्रहांच्या गैरहजेरीबद्दल कुणी विचारत नाही.

उलट उदाहरणही आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची ‘लिटल लीग वर्ल्ड सिरीज’ १९४७ पासून पेन्सिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टला होते आणि तिच्यात खरोखर परदेशी संघ येतात. १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेची पोरं जिंकली. अंतिम सामन्यात आन्हेल मासियासने समोरच्या एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही. पुढे तैवानचे संघ इतके जिंकू लागले, की १९७५ मध्ये संयोजकांनी परदेशी संघांवरच बंदी घातली. टीका झाल्यावर ती वर्षभरात उठली, पण १९७६ पासून स्पर्धेची रचना बदलली. एका बाजूला अमेरिकन संघ, दुसऱ्या बाजूला परदेशी, आणि दोन्हींकडचे विजेते अंतिम सामन्यात. त्यामुळे इतर सगळे कितीही तगडे असले तरी अंतिम सामन्यात एक अमेरिकन संघ असणार, याची सोय झाली. नावात जग असून नियमांनी त्याला अर्ध्यावर थोपवण्याची ही रीत मला मोठ्यांच्या नावापेक्षा जास्त खटकते.

मोठ्यांच्या मालिकेत आज जग शिरलंय ते मागच्या दाराने, नोकरीला. लीगमध्ये तीस संघ, त्यातले एकोणतीस अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरोंटोचा. प्रत्येकी १६२ सामन्यांचा हंगाम, मग बारा संघांची बाद फेरी आणि शेवटी सातपैकी चारची मालिका: दोन सामने एकाच्या घरी, तीन दुसऱ्याच्या, उरले तर दोन पुन्हा पहिल्याकडे. १९९२ मध्ये टोरोंटोने ती जिंकली तेव्हा वर्ल्ड सिरीजचा सामना पहिल्यांदा अमेरिकेच्या सीमेबाहेर झाला; तोवर नाव रुळून शतक उलटलं होतं. पण चारातला एकाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेला असतो, सर्वाधिक डॉमिनिकन रिपब्लिकचे, खालोखाल व्हेनेझुएलाचे. पायरेट्सनी, म्हणजे १९०३ च्याच त्या संघाने, २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंनाही पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं. दुय्यम लीगच्या वर मात्र ते गेले नाहीत.

जपानी खेळाडूचा हिशोब तर रोखठोक आहे. जपानी लीगमधली नऊ वर्षं पूर्ण होण्याआधी त्याला अमेरिकेत जायचं असेल तर त्याच्या जपानी संघाने त्याला बाजारात ठेवायचं आणि घेणाऱ्या अमेरिकन संघाने त्या संघाला मोबदला द्यायचा. कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावरच्या रकमेवर १५. योशिनोबु यामामोतोने लॉस एंजलिस डॉजर्सशी बारा वर्षांचा साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा त्याच्या ओरिक्स संघाला पाच कोटी सहा लाखांच्या वर मिळाले. पैसा आला, पिचर गेला. जगातला सर्वोत्तम संघ कोणता, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत सापडतं ते बऱ्याच अंशी या खरेदीमुळे. इतरांशी खेळून ते ठरलेलं नाही.

२०२५ मध्ये डॉजर्सनी टोरोंटोला टोरोंटोतच सातव्या सामन्यात, बरोबरीमुळे नेहमीच्या नऊ इनिंगांच्या (पाळ्यांच्या) पुढे लांबलेल्या अकराव्या इनिंगमध्ये ५-४ ने हरवलं. शेवटचे गडी यामामोतोने बाद केले आणि मालिकेचा मानकरीही तोच. त्याच आठवड्यात फुकुओकाच्या सॉफ्टबँक हॉक्सनी जपान सिरीज जिंकली होती. या दोन विजेत्यांची गाठ घालावी ही कल्पना नवी नाही. अडतात त्या गोष्टी १९०३ सारख्याच जमिनीवरच्या आहेत. दोन्ही हंगाम नोव्हेंबरच्या तोंडाशी संपतात. खेळाडूंचे करार, सुट्टी आणि विमा पुढच्या सामन्यांसाठी नव्याने बांधावे लागतील. मार्चपासून फेकत आलेला पिचरचा खांदा तोवर पुरता शिणलेला असतो. चेंडूही सारखा नाही. जपानी चेंडू हाताला अधिक धरतो, अमेरिकन चेंडू निसटता असतो. देशांच्या संघांसाठी २००६ पासून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे. ती भरते हंगामाआधी, मार्चमध्ये, आणि मालकांच्या धास्तीपायी तिथे पिचरला चेंडू मोजून मिळतात: २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ६५, मग ८०, उपांत्य फेरीपासून ९५. त्या वर्षी अंतिम सामन्यात जपान ३-२ ने पुढे होता, शेवटच्या इनिंगमध्ये दोन गडी बाद होते, शोहेइ ओहतानीने माइक ट्राउटला बाद केलं आणि अमेरिका हरली. दोघेही तेव्हा लॉस एंजलिस एंजल्सचे पगारी खेळाडू होते आणि दोन आठवड्यांत एकाच रंगाचा सदरा घालून कामावर रुजू झाले.